उत्तर येईपर्यंत

भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत पहिलं उत्तर देऊन झालं आणि अन्विता उठून कोपऱ्यातल्या मेथीला पाणी घालायला गेली.

"अगं, निघालीस कुठे?" परीक्षक करंदीकरबाईंनी विचारलं.

हातात झारी धरून ती थिजली. "सॉरी बाई. सवय झालीय."

गुरूच्या या चंद्रावर ती आणि तिचे बाबा दोघंच राहायचे. बाबा दिवसभर खाणीत. ती एकटीच पुस्तकं वाचून शिकायची, अडलेलं पृथ्वीवर विचारायची. प्रश्न तिकडे पोचून उत्तर इकडे यायला दीडेक तास लागायचा. तेवढ्यात तिची भांडी घासून व्हायची. समोर बसून तिला कुणी काही विचारतंय, असं आज पहिल्यांदाच घडत होतं. पास झाली, तर ती बाईंच्याच यानातून पृथ्वीवरच्या कॉलेजात जाणार होती.

ती परत येऊन बसली. पुढची सगळी उत्तरं तिनं खुर्चीची कड घट्ट धरून दिली, म्हणजे पुन्हा उठायला नको.

"छान! पास झालीस," बाई म्हणाल्या. "आता तू विचार. काहीही."

अन्विताकडे वर्षभराच्या शंका साठल्या होत्या. पण तिनं विचारलं, "बाई, तुम्ही जेवलात का?"

हा प्रश्न तिनं पृथ्वीवर कधीच पाठवला नव्हता. उत्तर येईपर्यंत तो शिळा झाला असता.

"नाही गं अजून," बाई लगेच म्हणाल्या. "तू?"

"मीही नाही," अन्विताही लगेच म्हणाली आणि खुर्चीची कड सोडून दोन ताटं वाढायला उठली.