हंसावरचा गणपती

“पाट कुठंय?” काळुरामनं विचारलं.

दिनानाथनं बायकोकडं बघितलं. “घाईत राहिला घरी,” विमलबाई म्हणाली. “यंदा तुमच्याच फळीवर करा, दादा.”

काळुरामला जरा नवल वाटलं. त्याच्या पेणच्या कारखान्यात गिऱ्हाईक आषाढात आपापला पाट आणून ठेवी आणि त्या पाटावरच त्या घरचा गणपती घडे. दिनानाथचा पाट आजवर कधी चुकला नव्हता. पण माणूस आहे, विसरतो. कंपनीच्या शिफ्टनं भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

“बरं, मग सांगा,” शाडूनं माखलेले हात पुसत तो म्हणाला, “यंदा पोर कशी हाय?”

हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्यांच्या गणपतीला तो साधं आसन करत नसे, पुराणातला एखादा प्राणी करी, आणि तो निवडी किमयाच्या, म्हणजे त्यांच्या पोरीच्या स्वभावावरून. ती पायाला भिंगरी लावून गावभर हुंदडायची तेव्हा त्यानं उच्चैःश्रवा घोडा केला. तिचं तोंड दिवसभर चालूच असतं म्हणाले तेव्हा मोठ्या जबड्याचा मकर केला. मागल्या वर्षी ती कुणाच्या बापाचं ऐकेना, तेव्हा पंख पसरलेला गरुड.

बाकीची गिऱ्हाइकं म्हणत, कारागिराचं खूळ. खूळ कसलं डोंबलाचं. पोर त्याचीच होती. बायको रंभा बाळंतपणात गेली, तान्हीला सांभाळायला घरात कुणी बाईमाणूस नाही, म्हणून रोह्याजवळच्या वरसे गावात, मूलबाळ नसलेल्या विमलबाईच्या ओटीत त्यानं ती घातली. विमलबाईनं एकच मागितलं होतं. गावची वेस ओलांडायची नाही, पोरीसमोर यायचं नाही. काळुरामनं गणपतीच्या मूर्तीवर हात ठेवून शपथ घेतली आणि पाळली. वर्षातून एकदा ह्या प्रश्नातून जेवढी लेक भेटेल तेवढीच त्याची. ती आता चौथीत होती आणि ओटीत घातल्यापासून तिचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

विमलबाई शाडूच्या ढिगाकडं बघत राहिली.

“दरवर्षी सांगायलाच पायजे का, दादा?”

काळुराम हात पुसायचा थांबला. आज ना उद्या हे होणार, हे तो जाणून होता. पोर मोठी होतेय, त्यांना हा धागा नको असणार.

“प्राणी ठरवायला लागतं, वहिनी,” तो हळूच म्हणाला.

“शांत झालीय,” दिनानाथ मध्येच बोलला. त्याचा आवाज बसला होता. “हट्ट नाय, काय नाय. कुणाला तरास देत नाय.”

“एवढ्यात शहाणी झाली व्हय? आईवर गेली मग,” काळुराम हसला. रंभा तशीच होती, घरात आहे की नाही कळायचं नाही. “हंस करतो. दूध तेवढं घेतो नि पाणी सोडून देतो, असा शहाणा पक्षी.”

“हंसच करा,” विमलबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

दारात ती थांबली. “तुमचा परानी कोनता वो, दादा?”

इतक्या वर्षांत तिनं त्याला त्याच्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

“माझा शेष,” तो म्हणाला. “डोईवर पृथ्वी घेऊन बसलाय. हलला तर दुसऱ्यांची घरं पडायची. म्हणून हलत नाय.”

विमलबाई वाकून त्याच्या पाया पडली आणि मागं न बघता निघून गेली. हा निरोपच, काळुरामनं ओळखलं.

हंस मात्र त्यानं जीव ओतून केला. एकेक पीस वेगळं कोरलं. डोळ्यांच्या आखणीला हात थरथरू नये म्हणून त्या दिवशी तंबाखूला शिवलासुद्धा नाही.

पण मूर्ती न्यायला कुणी आलं नाही. हरितालिकेचा दिवस कलला, टेम्पो भरभरून गेले, कारखाना रिकामा झाला आणि फळीवर एकटा हंस राहिला.

“अरे, प्लास्टरचा घेतला असंल त्यांनी,” शेजारचा सखा म्हणाला. “सगळीकडं तेच चाललंय. तू कशाला जीव जाळतोस?”

काळुरामला ते पटलं आणि सोसवेना. धागा तोडायचा तर तोंडावर सांगायचं की. मग वाटलं, दिनानाथला सुट्टीच मिळाली नसेल तर? ऐन चतुर्थीला घर गणपतीवाचून राहील, पोर रडून आकांत करील. खरं सांगायचं तर त्याला निमित्तच हवं होतं.

सकाळी त्यानं रंभाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं मूर्तीचं तोंड झाकलं. “तुझ्यावरच हात ठेवला होता, तूच मोकळं कर,” असं गणपतीला सांगितलं आणि रोह्याची एसटी धरली. मांडीवर गणपती बघून लोकांनी जागा दिली. वाटेत तो ठरवत होता, दारातच मूर्ती द्यायची नि फिरायचं. पोर दिसली तर डोळे भरून बघायची, नाहीतर आवाज ऐकायचा. विचारलंच तिनं तर कारखान्याचा माणूस म्हणून सांगायचं. तेवढं त्याला जन्माला पुरणार होतं.

वरश्यात घरोघर आरत्या चालल्या होत्या. वेशीपाशी त्याचे पाय अडखळले. मग तो देवाचं नाव घेऊन आत शिरला.

एका कुंपणाशी म्हातारी दुर्वा खुडत होती.

“दिनानाथचं घर कुठलं गो, आजी?” त्यानं विचारलं. “त्यांचा गणपती घेऊन आलोय. न्यायचा राहिला त्यांचा.”

म्हातारीनं झाकल्या मूर्तीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

“दुसऱ्या कुनाचा असंल, बाबा,” ती म्हणाली. “त्यांच्याकडं यंदा गणपती नाय. शिमग्यातच पोर वारली ना त्यांची.”