मामाचा अंगठा

चिंधूमामा नवरीला उचलायला वाकला आणि मांडवातल्या निम्म्या नजरा नवरीला सोडून त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे वळल्या.

कोन गावात त्यांच्या घराण्याची रीतच तशी. मामाने भाचीला घरातून उचलायचं ते थेट मांडवातल्या पाटावर ठेवायचं. मध्ये तिचा पाय जमिनीला लागता कामा नये. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भाचीच्या लग्नात हाच मामा खुर्चीत बसून राहिला होता. अंगठा सुजून लालबुंद, चादरीचं टोक लागलं तरी बोंब. मामाचा मान तेव्हा नवरीच्या काकाने, दामूने उरकला, आणि पुढे प्रत्येक लग्नात ते चवीने सांगितलं.

आजही दामूने खुर्ची आणूनच ठेवली होती.

"ऱ्हाऊ दे रं चिंधू, लाज कसली? मी हाय ना."

"खुर्ची तुलाच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला.

नवरीची आई म्हणजे मामाची बहीण, आक्का. तिचा जीव टांगणीला लागला होता. भावाची सगळी तपश्चर्या तिने पाहिली होती. भिवंडीच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरने रक्त तपासून सांगितलं होतं, युरिक ॲसिड वाढलंय, त्याचे खडे सांध्यात साठतात. साबुदाण्यापेक्षा बारीक गोड गोळ्या दिल्या आणि वर फर्मान काढलं: दारू बंद, कलेजी बंद, मासळी बंद, पाणी भरपूर, रोज चालणं. मामाने सगळं पाळलं. तरी अंगठा ठणकायचा तो ठणकायचाच. डॉक्टर चक्रावला. शेवटी आक्कानेच दवाखान्यात बिंग फोडलं, की हा रोज न्याहारीला भाकरीबरोबर वाडगाभर सुकट खातो.

"सुकट काय मासली हाय?" मामाने उलट डॉक्टरलाच विचारलं होतं. "ती तं चटनी!"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "मामा, गोळ्या माझ्या, पण तोंड तुमचं आहे."

त्याला आठ महिने झाले. शेजारच्या चुलीवर सुकट खरपूस भाजली जायची आणि मामा तांब्याभर पाणी पिऊन खाडीच्या बांधावर चालायला निघायचा. खाडीकाठच्या माणसाला याहून कठीण व्रत नाही.

"मामा, झेपंल ना रं?" नवरी, मंदा, हळूच म्हणाली.

"तू गप मानेला धर."

मामाने तिला उचललं. मंदा काही काडी नव्हती, त्यात शालू आणि दागिने. वाजंत्री सुरू झाली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. अर्ध्या वाटेत मामा थांबला. आक्काने डोळे मिटून घेतले. दामू हात पसरून पुढे धावला.

"बाजूला हो, रस्ता अडवतोस," मामा म्हणाला, आणि पाटाकडे जायचं सोडून भाचीला घेऊन त्याने अख्ख्या मांडवाला एक फेरी मारली. शेजारच्या म्हाताऱ्या पुतळाबाईने तोंडावर पदर घेतला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आक्का हसतही होती आणि रडतही होती. एवढी छाती तिची स्वतःच्या लग्नातही फुलली नव्हती.

मामाने मंदाला पाटावर अलगद ठेवलं. तिला सावरायच्या नावाखाली मान मिळवायला दामू मध्ये घुसला, आणि त्याचा जाडजूड चपलेतला पाय, सगळ्या वजनानिशी, मामाच्या उजव्या अंगठ्यावर पडला.

वाजंत्री थांबली. दामूचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाय उचलणार, तेवढ्यात मामाने त्याचा दंड धरला.

"काढू नको, दामू," मामा म्हणाला. "आसाच उभा ऱ्हा. डाक्तर जेवायला येतोय, त्याला दावू दे."