मुठीतली कुपी

"हात दाखवा," नर्स म्हणाली.

मामाने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत घासून धुतले होते, तरी नखांच्या कडांना पिवळा रंग चिकटलेलाच होता. ताईला तातडीने दवाखान्यात नेल्याचा फोन आला तेव्हा तो एका घराची भिंत रंगवत शिडीवर उभा होता. तसाच निघून आला होता.

"रंग वाळलाय ना? मग चालेल. या आत."

आत, ऊब देणाऱ्या दिव्याखाली त्याची भाची झोपवली होती. दोन महिने आधीच आलेली. दोन तळहातांवर मावेल एवढीच. श्वास घेताना तिच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता आणि सोडताना ती कण्हत होती, म्हातारं माणूस जिना चढताना कण्हतं तशी. एवढ्याशा जिवाला हे कण्हणं कोणी शिकवलं, असं मामाच्या मनात आलं.

ताई अजून ऑपरेशनच्या खोलीतच होती. बाळाचे बाबा परगावाहून निघाले होते. त्यांनी फोनवरून उपचारांना होकार दिला होता, पण पोचायला वेळ होता. घरचं असं मामा एकटाच.

डॉक्टरबाई हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या, "फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांना आतून एक थर असतो. तो शेवटच्या महिन्यांत तयार होतो. ही त्याआधीच आली. थर नाही, म्हणून प्रत्येक श्वासाला पिशव्या मिटून चिकटतात. आपण तो थर औषधातून देऊ."

नर्सने फ्रीजमधून अंगठ्याएवढी एक काचेची कुपी काढली आणि सरळ मामाच्या हातात ठेवली.

"मुठीत धरा. गार आहे, अंगाच्या उबेने कोमट होऊ दे. हलवायची मात्र नाही, फेस होतो."

मामा दचकला. "सिस्टर, मी नको. घरात कोणी मला कपबशीसुद्धा उचलू देत नाही. ताई मला सांडोबा म्हणते."

"डॉक्टरांना नळी तयार करायचीय, मला बाळाचा मास्क धरायचाय. रिकामे हात फक्त तुमचेच आहेत." ती बाळाकडे वळली. "आणि हो, सध्या ही एकच आहे. दुसरी यायला संध्याकाळ होईल."

"हे सांगायलाच हवं होतं का?"

"नसतं सांगितलं तर अशी धरली असतीत का?"

मामा हळूच भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला. पडलीच तर फार उंचावरून पडायला नको. एका मुठीवर त्याने दुसरी मूठ झाकली. पण भीतीने त्याचे हातच गार पडले होते. कुपी त्याला ऊब देते की तो कुपीला, काही कळेना.

"काखेत धरू का?"

"थर्मामीटर आहे का तो? मुठीतच असू द्या."

त्याने मूठ छातीशी घेतली. बाळ कण्हत होतं. मग एकदा कण्हणं आलंच नाही. नर्सने त्या इवल्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. आणि बाळ परत कण्हलं. आयुष्यात कोणाचं कण्हणं इतकं गोड वाटेल असं मामाला कधी वाटलं नव्हतं.

"आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा तो उठून चालत आला. हात पुढे केला, पण मूठ उघडेना. नर्सने एका हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "सोडा की आता! छान कोमट झालीय."

औषध दुधासारखं पांढरं होतं. बारीक नळीतून ते थोडं थोडं आत गेलं. आणि लगेच पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. बाळाचे ओठ निळसर पडले. मामाने पलीकडच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"होतं असं. थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्यांची पापणी लवत नव्हती.

आकडा थांबला. रेंगाळला. मग चढू लागला. निळे ओठ हळूहळू गुलाबी झाले. डॉक्टरबाईंनी नळी काढली, नाकाशी हवेच्या छोट्या नळ्या बसवल्या आणि काही वेळाने ऑक्सिजनचं बटण थोडं मागे फिरवलं.

"कमी का करताय?" मामा ओरडलाच.

"तिला आता तेवढा लागत नाही म्हणून."

खोलीत काहीतरी बदललं होतं. काय ते त्याला पटकन उमजेना. मग उमजलं. कण्हणं थांबलं होतं.

"अजून बराच पल्ला आहे हं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण सुरुवात तिने झकास केलीय."

थोड्या वेळाने ताईला चाकांच्या पलंगावरून आणलं. तिला वॉर्डात नेण्याआधी नर्सने पलंग बाळाशेजारी थांबवला. ताईने मान वळवली. तिने मामाला विचारलं,

"श्वास घेतेय?"

"तूच बघ ना."

तेवढ्यात बाळाने तोंड उघडलं. उघडलं ते उघडतच गेलं. डोळे मिटले, छाती भरून वर आली, फासळ्यांखाली खड्डा पडला नाही. बाळाने जांभई दिली होती.

"अगं बाई," ताई म्हणाली, "इतक्यात कंटाळली?"

मास्कच्या आड नर्सलाही जांभई आली. तिची बघून डॉक्टरबाईंना आली. ताईने टाक्यांवर हात दाबून दिली. आणि शेवटी मामाने, कितीतरी वेळाने, पोटापर्यंत भरून श्वास घेतला आणि अशी लांबलचक जांभई दिली की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.