पावडरीवरचा ठसा

ग्लेनिसच्या डबीतली चेहऱ्याची पावडर रोज थोडी थोडी कमी होत होती. संशय अर्थातच लेकीवर, टालियावर.

“आई, तुझा रंग मी लावला तर भूत दिसेन, भूत!” टालिया फणकारली.

सुट्या पावडरीवर चोराची खूण राहत नाही. म्हणून ग्लेनिसनं तिच्यात स्पिरिट कालवलं, कापडात गुंडाळलेल्या पन्नास सेंटच्या बाराकोनी नाण्यानं डबीत वडीसारखी घट्ट दाबली आणि उन्हात वाळवली. आता येऊ दे चोराला!

दुसऱ्या दिवशी नाण्याच्या खुणेवर भलामोठा अंगठा उमटला होता. असा अंगठा घरात एकाचाच, ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराच्या उन्हात जन्मभर छपरं घालणाऱ्या वॉरनचा.

“कुणाला नेऊन देतोस रे माझी पावडर?”

“सकाळी सकाळी डोकं नको खाऊस,” म्हणत नवऱ्यानं टोपी कानशिलावर ओढली. टोपीच्या कडेला तीच पावडर होती. ग्लेनिसनं टोपी हिसकावली आणि ओल्या फडक्यानं त्याचं कानशील खसाखसा पुसलं.



“डॉक्टरला दाखवला, कॅन्सर-बिन्सर नाही, गेला तो,” असं वॉरननं हिवाळ्यात ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो काळा डाग तिथेच होता, दुप्पट झालेला.