कॅल्शियमच्या दोन रेघा

ईश्वरप्पांनी लेथवरून तांब्याची चकती उतरवली, फुंकर मारली, कडेवरून अंगठा फिरवून धार बघितली. मग कोनाड्यातल्या विभूतीवर तीन बोटं घासून ती चकतीच्या तोंडावर आडवी ओढली आणि चकती कागदात गुंडाळली.

दारात त्यांची मुलगी दाक्षायणी उभी होती. सोलापूर स्टेशनवरून ती थेट बाळीवेशीतल्या या कारखान्यात आली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. तिनं कागदातल्या चकतीकडं बोट केलं.

"अप्पा, मागच्या चकत्यांनाही लावली होती?"

"म्हंजे काय! इभूत लावल्याबिगर कुटली वस्तू हितनं भायेर गेली हाय का? मागाचा दांडा असू दे, न्हाईतर तुजी चकती."

मुंबईच्या प्रयोगशाळेत ती या चकत्यांवर लेसरचा झोत सोडायची. क्षणभर तांब्याची वाफ होऊन पेटायची. त्या ठिणगीचा उजेड यंत्रातून फोटोच्या काचेवर पडायचा आणि जो धातू जळला त्याच्या रेघा काचेवर उमटायच्या. तिला हव्या होत्या नुसत्या तांब्याच्या. पण दर वेळी कॅल्शियमच्या दोन जाड रेघा मध्येच ठाण मांडून बसलेल्या. तिनं पंपाचं तेल बदललं, सगळी काचेची भांडी धुऊन काढली, शेजारच्या टेबलावरच्या बिचाऱ्या बंगाली मुलावरही संशय घेऊन झाला. चकत्यांवर तेवढा घेतला नाही. त्या अप्पांच्या हातच्या होत्या, आणि वरून स्पिरिटनं पुसलेल्या. लेसर एकच, त्याच्यासाठी रांग. पुन्हा त्या रेघा आल्या तर तुमची पाळी दुसऱ्याला, असं सरांनी चारचौघांत सुनावलं होतं.

न सांगता गुपचूप घासून टाकाव्यात, असं तिच्या मनात आलं. पण ईश्वरप्पा इतक्या हौसेनं तिच्या तोंडाकडं बघत होते की तिला खोटं बोलवेना.

"काम झालं का न्हाय तुजं? बोल की!"

तिनं पिशवीतून काच काढली आणि दारातल्या उन्हात धरली.

"ह्या बारक्या रेघा तांब्याच्या. आणि ह्या दोन जाड… ह्या विभूतीतल्या चुन्याच्या, अप्पा. लेथनं तांब्यावर पडलेल्या बारीक चऱ्यांत बसून राहिली. पुसून गेली नाही. सगळं काम बिघडलं."

ईश्वरप्पांनी आपल्या पांढऱ्या बोटांकडं बघितलं. ती हळूच धोतराला पुसली.

"तुला बोलले व्हय कोण?"

"थोडंसं."

ते पुन्हा काचेवर वाकले. "तितं लई तापत आसंल न्हवं?"

"सूर्याच्या अंगापेक्षा जास्त."

"आन् त्यातबी दिसली?" त्यांना कौतुक वाटलं, आणि पोरीच्या नुकसानीत कौतुक वाटलं याची लाजही वाटली. ते उठले.

त्यांनी गुंडाळलेल्या सगळ्या चकत्या सोडल्या. एकेक परत लेथवर चढवून तोंडावरून पातळ पापुद्रा काढला. हात साबणानं धुतले, चकत्या कडेनं धरून स्वच्छ फडक्यात बांधल्या. "मी घासते की," असं दाक्षायणी म्हणाली, तर "तू बस" एवढंच म्हणाले. पुडकं तिच्या हातात देताना त्यांचा हात सवयीनं कोनाड्याकडं गेला आणि अर्ध्यातूनच मागं आला. बापाला असं अवघडलेलं बघून तिला फार वाईट वाटलं.

"लेसर कवा सोडनार?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. दुपारच्याला."

ईश्वरप्पांनी जरा विचार केला.

"मग सोमवारी दुपारच्याला मी हितं नुसत्या लेथला लावतो. हितली इभूत तितं काचंवर उमटायची न्हाय न्हवं?"

ते चेष्टा करत नव्हते. तिचं पुन्हा नुकसान होऊ नये म्हणून खरोखरच विचारत होते. दाक्षायणीला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"काचेवर नाही उमटायची, अप्पा," ती म्हणाली.