खोबरेकरांची ओळ

“त्या ओळीला हात लावू नकोस,” उकिडवे सर माझ्या खुर्चीमागून म्हणाले. “अकरा वर्षांत कुणी लावलेला नाही.”

रक्तपेढीची ती वेबसाइट जुन्या फ्रेमवर्कवर चालायची. संध्याकाळी पाचला जुना सर्व्हर बंद होणार होता आणि नव्यावर ती उभीच राहत नव्हती. नव्या सर्व्हरला तारखा हाताळणाऱ्या तयार कोडच्या पॅकेजचं पाचवं व्हर्जन हवं होतं. आमच्या फाइलमधल्या एका ओळीने तिसरंच धरून ठेवलं होतं. वर टीप होती: ‘हात लावू नये. – खोबरेकर.’

“लावणार. पण विचारून लावते,” म्हणत मी, ही वेबसाइट आधी सांभाळणाऱ्या खोबरेकरांचा नंबर मिळवला आणि सरांसमोरच स्पीकरवर फोन लावला. एका मुलीने उचलला आणि बाबांना हाक मारली.

“ती ओळ अजून आहे?” खोबरेकर हसायलाच लागले. “अहो, त्या शुक्रवारी चौथं व्हर्जन बिघडलेलं आलं होतं. मला गावी जायला सहाची एसटी गाठायची होती, मुलीचं बारसं होतं. म्हटलं, सोमवारी येऊन नीट करू. सोमवारी विसरलो. आत्ता फोन उचलला ना, तिचंच बारसं. सहावीत आहे आता.”

मी ओळ पुसली. वेबसाइट चालू झाली. ओ निगेटिव्हचे रक्तदाते शोधले, सात नावं आली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ओळ काढलीस ते ठीक,” सर हळूच म्हणाले, “टीप तेवढी राहू दे. असलेली बरी.”

मी त्यांच्या देखत तीही पुसली.