शिवेपलीकडचं पाणी

गावातले खोल बोअर बंद केले तर पिण्याच्या विहिरीला पाणी टिकेल, म्हणून ग्रामसभेने तसा ठराव केला. सरपंच वच्छलाने पहिला बोअर स्वतःच्याच शेतातला बंद करवला. त्याच्याच पाण्यावर तिच्या सासऱ्याने संत्र्याची बाग उभी केली होती. लोखंडी झाकण वेल्डिंग करून बसवलं जात असताना म्हातारा बांधावर पाठ फिरवून बसला. बाकीच्यांनीही मग आपापले बोअर बंद केले, पण तो सुनेशी बोलेनासा झाला.

होळीपर्यंत बाग वाळली. झाडं त्याने स्वतःच्या हाताने तोडली. विहिरीत मात्र पाणी होतं. बाया म्हणायच्या, "यंदा टँकर नाही लागत."

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या गावाने शिवेला लागून बोअरची रांगच पाडली, आणि बघता बघता विहीर तळाला गेली. वच्छला तिथल्या सरपंचाकडे गेली.

"भाऊ, जमिनीखालचं पाणी दोन्ही गावांचं एकच आहे."

"असेल ताई. पण तुमचा ठराव तुमच्या शिवेपुरता," तो म्हणाला आणि चहा पुढे केला.

ती परतली तेव्हा लोक आपापल्या बोअरची झाकणं फोडत होते. तिने कोणालाच अडवलं नाही. ती शेतात गेली. म्हातारा सरपण रचत होता.

"मामाजी, आपलाही बोअर उघडून घ्या. मी हरले."

कितीतरी महिन्यांनी त्याने तिच्याकडे पाहिलं.

"उघडून आता कोणाला पाजू? माझी झाडं गेली, पोरी. तुझा शब्द तरी राहू दे."